तारीख कोणाच्या सोयीची?

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मी माझा लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तक्रार एवढीच होती, की बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत चहा करून प्यायला वेळ मिळतो. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, खालचं स्टिकर वाचलं आणि चालू करून बघायच्याही आधी म्हणाला, "काका, प्रोसेसर सातव्या जनरेशनचा आहे. विंडोज टेन ऑक्टोबरात बंद होतंय आणि इलेव्हन यावर चढणार नाही. उगाच यात पैसे घालू नका. सेल चालू आहे, नवा घेऊन टाका." घरी घट नुकतेच बसले होते. दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर मात्र पणत्या, आकाशकंदील आणि 'दिवाळी धमाका' कधीच लागलेले होते.

मुलगा खोटं बोलत नव्हता. विंडोज टेनला सुरक्षेचे अपडेट मिळायची मुदत खरंच १४ ऑक्टोबरला संपत होती, सेलही खरंच चालू होता. पण एका दमात त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या: दिवाळीच्या खरेदीला आत्ताच लागा, आणि तुमचं मशीन वापरायला आता फार उशीर झालाय. एकीकडे लवकर, दुसरीकडे उशीर. या दोन्ही तारखा माझ्या नव्हत्या. मग त्या कोणाच्या आणि कोणाच्या सोयीच्या, एवढाच प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

आधी 'लवकर'चं बघू.

सणाची खरेदी लवकर उरका, हा सल्ला निदान अमेरिकेत तरी दुकानदारांनी एकट्याने जन्माला घातलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्स केली नावाच्या बाई तिथे 'नॅशनल कन्झ्युमर्स लीग' चालवत. ही संघटना ग्राहकांची, पण काळजी दुकानांत आणि कारखान्यांत राबणाऱ्यांची. नाताळाच्या आधीचे दोन आठवडे म्हणजे दुकानांतल्या मुलींना रात्री उशिरापर्यंत उभं राहणं, आणि घरोघरी पुडकी पोचवणाऱ्या पोरांना थंडीत मध्यरात्रीपर्यंत वणवण. आनंदाच्या सणाची ही काय दशा करून ठेवलीय, असं केलीबाईंनी १९०३ मध्येच लिहिलं. लीगचं ग्राहकांना सांगणं साधं होतं: शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, लवकर घ्या, म्हणजे या पोरांना घरी जाता येईल. सल्ला माणुसकीचा होता आणि शहाणपणाचाही.

व्यापाऱ्यांना तो आवडला. आवडणारच. फक्त त्यातलं कारण त्यांनी काढून टाकलं आणि 'लवकर' एवढाच शब्द ठेवला.

पुढची गोष्ट १९३९ ची, आणि तिच्यात सगळंच आलं. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी साजरा होत असे, आणि तो झाल्याशिवाय नाताळाच्या जाहिराती करायच्या नाहीत असा अलिखित संकेत होता. त्या वर्षी नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. सण ३० तारखेला, म्हणजे खरेदीला जेमतेम साडेतीन आठवडे. मंदीने पिचलेल्या मोठ्या दुकानदारांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे धाव घेतली आणि रूझवेल्टनी सण सरळ एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला ओढला. ही घोषणा झाली ऑगस्टात. कॅलेंडरं छापून झाली होती, फुटबॉलचे सामने ठरले होते, शाळांच्या सुट्ट्या जाहीर झाल्या होत्या. निम्म्या राज्यांनी नवी तारीख मानली, निम्म्यांनी जुनी, आणि दोनतीन राज्यांनी दोन्ही दिवस सुट्टी देऊन टाकली. अटलांटिक सिटीच्या महापौरांनी या सणाला 'फ्रँक्सगिव्हिंग' असं नाव ठेवलं. फ्रँकलिन रूझवेल्टचा थँक्सगिव्हिंग! हा घोळ दोन वर्षं चालला. शेवटी डिसेंबर १९४१ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला.

आपल्याकडे तिथी हलवता येत नाही. पंचांगकर्ते आपसांत भांडतील, पण दुकानदारासाठी अमावास्या कोणी पुढेमागे करणार नाही. म्हणून आपल्याकडे सण जागेवर राहिला आणि खरेदी सरकली. फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' ६ ऑक्टोबर २०१४ ला झाला. एकच दिवस, दिवाळीच्या अडीच आठवडे आधी. २०२५ मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन दोघांचेही सेल २३ सप्टेंबरला सुरू झाले, लक्ष्मीपूजन चार आठवड्यांवर असताना. दिवसाचा सप्ताह झाला आणि सप्ताहाचा महिना. पितृपक्ष संपायची तेवढी वाट पाहिली, म्हणजे बाजाराला धर्म कळत नाही असं कोणी म्हणू नये.

लवकर करण्याला माझा विरोध नाही. गोव्यात आणि वसईत नाताळच्या केकसाठी सुका मेवा कितीतरी आधीपासून रममध्ये भिजत घालतात, कारण तो मुरावा लागतो. दिवाळी अंकांचे संपादक मे-जूनमध्येच लेखकांच्या मागे लागतात, कारण लेखक वेळेवर काही देत नाहीत हा त्यांचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. त्या लवकरपणाचं कारण त्या वस्तूतच असतं. सेलच्या लवकरपणाचं कारण वस्तूत नसतं. ते गोदामात, तिमाहीच्या ताळेबंदात आणि शेजारच्या दुकानाच्या भीतीत असतं. सेलच्या पानावर कोपऱ्यात उलटी चालणारी ती घड्याळं, 'फक्त ०२:१४:३७ शिल्लक', कोणत्या पंचांगातून येतात?

आता 'उशीर'.

संगणक अद्ययावत ठेवा, हाही सल्ला मुळात शहाण्या माणसाचा आहे. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक गोठवले. डॉक्टरांना रुग्णांची कागदपत्रं उघडेनात, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा सगळ्यांनी खापर फोडलं ते विंडोजच्या जुन्या एक्सपी आवृत्तीवर. पण बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुतेक विंडोज सेव्हनवर चालत होते. सेव्हनची मुदत तेव्हा संपलेली नव्हती, ती २०२० पर्यंत होती. ज्या भोकातून व्हायरस शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. तो बसवलाच नव्हता. म्हणजे घात झाला तो जुनेपणाने नव्हे, हयगयीने. आणि आणखी एक गंमत: तीन वर्षांपूर्वी 'मेलेल्या' एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने त्या आठवड्यात तातडीने पॅच काढला. मनात आणलं तर काढता येतो, एवढं त्यातून कळलं.

या सल्ल्याचंही पुढे तेच झालं जे केलीबाईंच्या सल्ल्याचं झालं. 'पॅच बसवा' याचं 'नवी आवृत्ती घ्या' झालं आणि 'नवी आवृत्ती घ्या' याचं 'नवं मशीन घ्या'.

विंडोज इलेव्हन ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर मोजके अपवाद सोडून आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो. सातव्या जनरेशनचे लॅपटॉप २०१८ मध्ये राजरोस विकले जात होते. माझा त्यातलाच. म्हणजे इलेव्हन आलं तेव्हा माझं मशीन तीन वर्षांचं होतं, आणि त्याच दिवशी ते म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलं. अमेरिकेतल्या ग्राहक संघटनांनी अंदाज बांधला, की असे सुमारे ४० कोटी संगणक जगात आहेत.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवणं फुकट होत नाही. प्रत्येक पॅच हजार प्रकारच्या यंत्रांवर तपासावा लागतो. टीपीएममुळे संगणकातल्या कुलूपबंद माहितीची चावी चोरणं अवघड होतं, हेही खरं. आणि विंडोज टेनला दहा वर्षं सांभाळलं, हे एखाद्या मोबाइल कंपनीशी ताडून पाहिलं तर औदार्यच म्हणायचं. हे सगळं मान्य. पण ही दहा वर्षं मोजली कुठून? टेन बाजारात आलं त्या दिवसापासून, २९ जुलै २०१५ पासून. ज्याने २०२१ च्या उन्हाळ्यात दुकानात पडून असलेला जुन्या जनरेशनचा लॅपटॉप सवलतीत घेतला, त्याला मिळाली चार वर्षं. खोक्यावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, खोकल्याच्या औषधावर असते, वीस रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर असते. चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर नसते.

शिवाय मुदत संपली म्हणजे पॅच करायचे थांबले, असंही नाही. कंपन्या आणि संस्थांनी पैसे भरले तर त्यांना टेनचे सुरक्षा पॅच ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. यंत्रांमध्ये बसवायच्या टेनच्या एका खास आवृत्तीला तर २०३२ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे पॅच तयार होतच राहणार, फक्त ते माझ्या घरापर्यंत येणार नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्यांना एक वर्षाची वाढ मिळाली आणि तिलाही अटी घातल्या: सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर त्यांचे पॉइंट खर्च करा, नाहीतर ३० डॉलर मोजा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी यावर आवाज उठवला आणि मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना तिथल्या ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने त्या अटी सैल केल्या. ब्रसेल्समधल्या घरात आणि बारामतीतल्या घरात तोच संगणक, तेच भोक, तोच पॅच. अटी मात्र वेगळ्या.

म्हणून मला १९३९ आठवतं. तारीख दगडावर कोरलेली आहे असं आपल्याला सांगितलं जातं, पण कोणीतरी जोर लावला की ती हलते. तिथे दुकानदारांनी जोर लावला, इथे युरोपच्या ग्राहकांनी लावला. आपण लावला नाही.

आता जुनं धरून बसणाऱ्यांकडे वळतो, आणि इथे मी सरसकट त्यांच्या बाजूने नाही.

शनिवार पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर माझे एक डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारे, स्नेही बसतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांच्या टेबलावर पिवळट पडलेला कॅबिनेट आहे. त्यावर विंडोज एक्सपी, त्यात पानं लावायचं पेजमेकर, आणि मागच्या पोर्टला खोचलेली श्रीलिपी फाँटांची किल्ली, म्हणजे लॉक. ते लॉक काढलं तर फाँट उघडत नाहीत, म्हणून त्याला धक्का लागू नये यासाठी त्यांनी कॅबिनेटच्या मागे पुठ्ठ्याची भिंत केली आहे. की-बोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत, पण अण्णा खाली बघतच नाहीत. ऑगस्टमध्ये गेलो तर दिवाळी अंकाची पानं लावत होते. एका हाताने करेक्शन घालत, दुसऱ्या हाताने यूपीएसची टिकटिक बंद करत. हे मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही. मॅटर पेनड्राइव्हवरून येतं, आणि पेनड्राइव्ह आधी शेजारच्या नव्या संगणकावर तपासून मगच इकडे लागतो. विमानतळावरसुद्धा इतकी झडती होत नसेल.

कोणी म्हणेल, अण्णा हट्टी आहेत. तसं नाही. मराठी छपाईचा सगळा संसार पंचवीस-तीस वर्षं युनिकोडच्या, म्हणजे सगळे संगणक अक्षरं एकसारखी ओळखतात त्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटांवर चालला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोड कधी आलंच नाही. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. त्यामुळे पुस्तकं, अंक, पाठ्यपुस्तकं, पत्रिका यांच्या हजारो फायली अशा भाषेत साठवल्या गेल्या, जी फक्त तो फाँट आणि ते लॉक यांनाच कळते. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर कन्व्हर्टर आहेत, पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं तर विचारूच नका. 'वर्ष'चं 'वषर्' होतं, 'कार्य'चं 'कायर्' होतं. आंतरजालावर असं मराठी ज्यांनी वाचलंय त्यांना आता कळेल की टंकणारा अडाणी नव्हता. तीनशे पानांच्या पुस्तकात असे दोन हजार रफार डोळ्यांनी शोधून बसवायचे म्हणजे पुस्तक नव्याने प्रुफं वाचून काढणं. प्रकाशक त्याचे पैसे देत नाही. मग अण्णांनी जुनं मशीन सोडावं कसं?

हे धरून बसणं सकारण आहे, पुण्यातच नव्हे, जगभर. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची गाड्या चालवणारी यंत्रणा १९९८ ची आहे आणि तिला रोज सकाळी सव्वापाच इंची फ्लॉपी भरवून जागं करण्याची पद्धत कितीतरी वर्षं चालली. अमेरिकेच्या अण्वस्त्रांना आदेश पोचवणाऱ्या यंत्रणेत २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी होती. जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपी हद्दपार केली ती २०२४ मध्ये. ही माणसं काही संगणक न कळणारी नव्हेत.

पण सगळेच अण्णा नसतात. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, आणि आपल्या बँकांची कितीतरी एटीएम तरीही त्यावरच चालत राहिली. रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून जून २०१९ ची अंतिम तारीख द्यावी लागली. त्याला काटकसर म्हणत नाहीत. घरातल्या जुन्या संगणकावर नेट बँकिंग करून 'अहो, इतकी वर्षं काही झालं नाही' म्हणणारे काकाही याच जातीचे. जोडलेलं मशीन जुनं ठेवायचं तर पॅच हवेत. पॅच नसतील तर वायर काढायची. मधला मार्ग नाही. अण्णांचंही एक चुकतंच: वीस वर्षांचं काम एका हार्डडिस्कवर आणि तिची एक नक्कल खणात. मी त्यांना सारखं सांगतो, ते मान डोलावतात आणि पानं लावत बसतात.

तर माझं म्हणणं असं. जुनं ठेवायचं की नवं घ्यायचं, हे कामावरून ठरलं पाहिजे आणि वापरणाऱ्याने ठरवलं पाहिजे. त्यासाठी त्याच्या हातात दोन गोष्टी हव्यात: खोक्यावर छापलेली तारीख, आणि ती त्या मॉडेलच्या शेवटच्या विक्रीपासून मोजलेली. यातली दुसरी गोष्ट युरोपात मोबाइलसाठी जून २०२५ पासून लागू झाली. मॉडेल विकणं थांबवल्यापासून निदान पाच वर्षं अपडेट द्यावेच लागतात. सॉफ्टवेअर असलेल्या इतर वस्तूंसाठीही सुरक्षेच्या मुदतीचा कायदा डिसेंबर २०२७ पासून तिथे अमलात येतो आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं आणि मे २०२५ मध्ये वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याविषयी समितीचा अहवालही आला. दिशा बरोबर आहे, पण स्क्रू उघडता येणं आणि पॅच मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती स्क्रूची दुरुस्ती हा अर्धा हक्क झाला.

सरकारला कायद्याचीही वाट पाहायला नको. सरकार स्वतःच मोठं गिऱ्हाईक आहे. शाळा, ग्रामपंचायती, तहसील कचेऱ्या यांच्या निविदेत 'सात वर्षं सुरक्षा अपडेट' ही एक ओळ घातली तरी खोक्यावरची तारीख आपोआप उगवेल. केरळने आपल्या शाळांत लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, नेऊन दोन दशकं होत आली. तिथल्या वर्गातल्या संगणकाचं आयुष्य रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात, ठरत नाही. आपल्याकडे ते जमायला अडचणी आहेत हे मला ठाऊक आहे. हिशेबाचं टॅली, डिजिटल सहीची किल्ली, आणि ज्याला त्याला हवा असलेला 'वर्ड'. पण शाळेत टॅली लागत नाही.

आणि कचरा. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही नोंद होऊन नीट गोळा झाला नाही. आपल्या भंगारवाल्याकडे गेलेल्या लॅपटॉपचं पुढे काय होतं, ते तुम्ही त्यालाच विचारा. लॅपटॉपपायी होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच झालेला असतो, त्यामुळे 'नवा कमी वीज खातो' हे समर्थन फार दूर जात नाही.

माझ्या लॅपटॉपचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आतली जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागी जास्त वेगाची एसएसडी बसवली. ती मी त्याच सेलमध्ये घेतली, हे कबूल करतो. उलटं चालणारं घड्याळ बघून माझाही हात थोडा कापला. एक वर्षाची वाढीव मुदत अटी मान्य करून पदरात पाडली आहे. ती संपली की लिनक्स. चहाचं आधण ठेवून येईपर्यंत आता मशीन तयार असतं.

अण्णांनी शेवटी ऐकलं, तेही माझं नाही. दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या संध्याकाळी येऊन बसायला लागला. जुन्या फायलींच्या आधी पीडीएफ काढायच्या, मग एकेक युनिकोडमध्ये आणायची, असं ठरलंय. परवा गेलो तेव्हा २००९ चा एक अंक चालू होता. पुतण्या पडद्यावरून वाचत होता, अण्णा चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते.

"पान त्रेचाळीस. 'सवर् वाचकांना'..."

"रफार उचल," अण्णा म्हणाले. "पुढे."